बियाणं, सळई आणि जालन्याचा हिशेब

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात अजूनही सर्रास ऐकू येते. निजामाच्या राज्यात कुंडलिकेच्या काठावरचं हे गाव नावाजलेली पेठ होतं. मनमाड-हैदराबाद रेल्वेने इथल्या व्यापाराला आणखी बळ दिलं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. स्वतंत्र जिल्हा व्हायला मात्र १ मे १९८१ उजाडावा लागला. पण या गावाने आपली नवी वाट त्याआधीच शोधली होती.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. खासगी बियाणे उद्योग तेव्हा देशात जेमतेम बाळसं धरत होता. बारवाल्यांनी शेतकऱ्यांनाच बीजोत्पादक केलं. हे काम किती नाजूक असतं, ते संकरित कपाशीच्या प्लॉटवर दिसतं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची, तिचे पुंकेसर नखाने अलगद काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे परागकण तिच्या स्त्रीकेसरावर लावायचे. एकेक फूल असं हाताळावं लागतं, आणि हे हात बहुतेक बायकांचे असतात. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या सन्मानामागे या हातांचीही मेहनत आहे.

२००२ मध्ये देशात महिकोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि जालन्याचं नाव थेट दिल्लीच्या धोरणाशी जोडलं गेलं. पुढे तिच्या बियाण्याचा कमाल भाव सरकारनेच ठरवला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं. तंत्रज्ञान कितीही नवं असलं तरी नुकसानीचा भार शेतकऱ्यावरच पडतो, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

दुसरा उद्योग पोलादाचा. जिल्ह्यात लोहखनिजही नाही आणि कोळसाही नाही. तरीही इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार दीड हजार अंशांच्या वर वितळतं, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर येते. भट्टी विजेवर चालते, त्यामुळे वीजदर बदलला की कारखान्याचं सगळं गणित बदलतं. समृद्धी महामार्गामुळे मुंबई आणि नागपूर दोन्ही जवळ आली आहेत. जालना-मुंबई वंदे भारतही ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली.

पण त्याच वर्षी १ सप्टेंबरला जिल्ह्यातल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणाचं उपोषण राज्यभर गाजलं. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर २०२५ रोजी, सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्याचा निर्णय काढला. निजामकाळातल्या नोंदी आज तरुणांच्या भवितव्याचा आधार झाल्या आहेत. हा प्रश्न जातीचा आहेच, पण त्यामागे कोरडवाहू शेतीतून घर चालत नाही, ही व्यथाही आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरालाही पाण्यासाठी तळमळावं लागलं होतं.

जालन्याने उद्योग उभा करण्याची धमक सिद्ध केली आहे. आता या प्रगतीचं मोजमाप सळईच्या टनांत आणि बियाण्याच्या पाकिटांत करून भागणार नाही. बीजोत्पादक बाईला तिच्या कामाचं चोख दाम आणि तिच्या मुलाला आपल्याच जिल्ह्यात काम मिळालं, तरच जालना खऱ्या अर्थाने सोन्याचा पाळणा ठरेल.