चार घरे, एक गाडी : अष्टमी ते येवला

कुंडलिकेकाठच्या अष्टमीतून चार घरची पंधरा माणसे सहलीला निघायची म्हटली, की पहिला प्रश्न गाडीचा. झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅनसाठी राज्याने २०२१ साली धोरण केले. पण तीत माणसे थोडीच मावतात. आपल्याला सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर बरी.

नागोठणे, पेण, पनवेल, भिवंडी करीत गाडी मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट चढते. पावसाळा सरताना हा घाट हिरवागार असतो. नाशिकला त्रिरश्मीची २४ लेणी पाहावीत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० रोजी, याच शहरात. पुढे येवला, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथे.

भाडे ठरवताना किलोमीटरचा दर तेवढा विचारून भागत नाही. रोजचे किमान किलोमीटर किती, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता कोणाकडे, हे कागदावर लिहून घ्या. गाडी पनवेलची असेल तर मोजणी बहुधा तिथूनच सुरू होते, तेही विचारा.

सर्वांत महत्त्वाचे, पाटी पिवळी आहे ना ते पाहा. परमिट, फिटनेस, विमा आणि चालकाचा परवाना डोळ्यांनी तपासा. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने चालवणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. मग वाचवलेले हजार-दोन हजार काय कामाचे? गाडीत आपली लेकरे बसणार आहेत.