डांगी गाय आणि संदर्भ जनुकांची पारख

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि सुरगाण्याच्या अतिपावसाच्या पट्ट्यात, डांगी गोवंश पिढ्यानपिढ्या टिकून आहे; कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव आणि टणक काळे खूर यांमुळे ही जनावरे मुसळधार पावसात भातखाचरात दिवसभर राबू शकतात. हा काटकपणा पेशींच्या पातळीवर तपासायचा, तर कोणते जनुक केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत होते, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती किती आहे, हे मोजावे लागते. उन्हाच्या ताणात वाढणाऱ्या एचएसपी७० सारख्या जनुकांची चर्चा त्या संदर्भात पुष्कळ होते, परंतु ज्यांच्या तुलनेत ती मोजली जातात त्या संदर्भ जनुकांची पारख मात्र अनेकदा गृहीतच धरली जाते.

संदर्भ जनुकाची गरज कामाच्या पद्धतीतूनच निर्माण होते. गाईच्या मानेच्या शिरेतून काढलेले रक्त ईडीटीए लावलेल्या नळीत घेऊन बर्फात ठेवले जाते, कारण त्यातील संदेशवाहक आरएनए हा रेणू अतिशय नाजूक असून हाताच्या त्वचेवरील विकरेही त्याचे तुकडे करू शकतात. पुढे आरएनए वेगळा करून त्यापासून पूरक डीएनए तयार केला जातो आणि रिअल-टाइम पीसीआर यंत्रात प्रत्येक आवर्तनाला तो साधारण दुप्पट होत असताना चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजला जातो; ठरलेली पातळी ज्या आवर्तनाला ओलांडली जाते तो आकडा म्हणजे सीटी मूल्य, आणि मूळ आरएनए जितका अधिक तितका हा आकडा लहान. एका नळीत पेशी कमी आल्या, दुसरीतला आरएनए थोडा विरला, असे फरक अटळ असल्याने, सर्व परिस्थितींत समान राहणारे एखादे जनुक सोबत मोजून त्याच्याशी तुलना करावी लागते.

ते जनुक समान राहिले नाही तर काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. एचएसपी७० चे सीटी मूल्य सकाळच्या नमुन्यात 25 आणि भर दुपारच्या नमुन्यात 22 आले, तर तीन आवर्तनांचा फरक म्हणजे आठपट वाढ होय. पण संदर्भ म्हणून घेतलेले जीएपीडीएच उन्हामुळे स्वतःच वाढून 18 वरून 17 वर आले, तर हिशेबात वाढ चौपटच उरते, आणि ते घटून 19 वर गेले तर तीच वाढ सोळापट भासते. बांधाचा दगडच सरकल्यावर मोजणी कितीही काटेकोर असली तरी तिचा उपयोग नसतो.

जीएपीडीएच आणि बीटा-अ‍ॅक्टिन ही नावे सवयीने वापरली जातात, पण पहिले शर्करेच्या विघटनातील विकराचे जनुक असल्याने पेशीच्या ऊर्जेच्या मागणीनुसार हलते आणि दुसरे पेशीच्या सांगाड्याशी निगडित आहे. बी२एम हे प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेचा भाग असल्याने संसर्गाच्या अभ्यासात ते घेणे म्हणजे संशयितालाच साक्षीदार करणे होय. शिवाय ताणामुळे रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पेशींचे परस्पर प्रमाणच बदलते, त्यामुळे जनुक स्थिर असूनही नमुना बदललेला असू शकतो.

म्हणून उमेदवार जनुकांचा एक गट घेऊन त्यांची स्थिरता आधी पडताळली जाते. बेल्जियममधील व्हांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेली जीनॉर्म पद्धत प्रत्येक उमेदवाराचे इतर सर्वांशी असलेले गुणोत्तर तपासते आणि सर्वांत अस्थिर जनुक एकेक करून वगळत जाते; 2004 ची नॉर्मफाइंडर पद्धत गटांतर्गत आणि गटांमधील फरक वेगळे काढते. जीनॉर्ममध्ये एक फसवी जागा आहे: रायबोसोमच्या प्रथिनांची दोन जनुके एकाच आदेशाने वरखाली होत असतील तर त्यांचे गुणोत्तर स्थिर राहते आणि ती दोन्ही उत्तम ठरतात, म्हणून उमेदवार पेशीच्या भिन्न कार्यांतून निवडणे अत्यावश्यक आहे.

डांगीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. गाईचा संदर्भ जनुकसंच 2009 मध्ये प्रसिद्ध झाला तो हेरफर्ड या युरोपीय जातीच्या गाईचा. त्यावरून रचलेले प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे, वशिंड असलेल्या भारतीय गोवंशात नेमके जुळतीलच असे नाही. एखाद्या अक्षराचा फरकही प्रवर्धनाची कार्यक्षमता घटवू शकतो आणि मग डांगी व संकरित गाय यांच्या तुलनेत प्रायमरचा दोष जातीचा गुण म्हणून नोंदला जातो. दहापटीने पातळ करत नेलेल्या नमुन्यांच्या आलेखाचा उतार उणे 3.32 च्या जवळ, म्हणजे कार्यक्षमता 90 ते 110 टक्क्यांच्या दरम्यान आहे का, हे दोन्ही जातींत स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील संशोधकांनी गाई-म्हशींच्या ऊतींमध्ये अशी पडताळणी केली आहे, मात्र तेथील यादी इगतपुरीच्या गोठ्यात तशीच लागू पडेल असे मानणे चूक ठरेल. जात, ऊती आणि ऋतू बदलला की निवड नव्याने करावी लागते, एकाऐवजी किमान दोन-तीन जनुकांचा भूमितीय मध्य घ्यावा लागतो, आणि रिअल-टाइम पीसीआर प्रयोगांसाठीच्या 2009 च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही निवड कशी केली हे शोधनिबंधात स्पष्ट नोंदवावे लागते.