श्वानांच्या स्नायूवाढीचा खाऊ : दावे आणि वास्तव

पाळीव कुत्र्यांचे स्नायू पिळदार व्हावेत, यासाठी तयार करण्यात येणाऱ्या पूरक खाऊची अमेरिकेत मोठी बाजारपेठ निर्माण झाली असून ऑनलाइन विक्रीच्या माध्यमातून अशी उत्पादने भारतीय श्वानपालकांपर्यंतही पोहोचली आहेत. मऊ वड्या, गोळ्या किंवा अन्नात मिसळण्याची भुकटी अशा स्वरूपांत हा खाऊ मिळतो. त्याच्या जाहिरातींत रुंद छातीच्या, आखूड केसांच्या पिट बुल किंवा अमेरिकन बुली कुत्र्याचे छायाचित्र हमखास आढळते. तथापि, पुरेसा संतुलित आहार मिळणाऱ्या निरोगी कुत्र्याचे स्नायू केवळ अशा वड्यांमुळे वाढतात, हा दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकणारा नाही. वाढत्या वयाच्या पिलांना तर असा अतिरिक्त पुरवठा अपायकारकही ठरू शकतो.

खाऊत काय असते?

या उत्पादनांत साधारणतः व्हे प्रोटीन, अंड्याची भुकटी, अमिनो आम्ले, क्रिएटिन, जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात. काहींमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलातील गॅमा ओरिझॅनॉल हा घटकही मिसळला जातो. यांतील बहुतेक घटक व्यायामशाळेत जाणाऱ्या माणसांच्या पूरक आहारातून जसेच्या तसे उचललेले आहेत.

प्रथिने हा स्नायूंचा कच्चा माल आहे, हे खरे आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. ३० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे १,४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजेच ‘आफको’ने, प्रौढ कुत्र्याच्या आहारात दर १,००० किलोकॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने असावीत, असे ठरवले आहे. त्या हिशेबाने या कुत्र्याची किमान गरज ६३ ग्रॅम होते. २४ टक्के प्रथिने असलेले सुमारे ४०० ग्रॅम कोरडे खाद्य त्याला मिळाले, तर जवळपास ९६ ग्रॅम प्रथिने पोटात जातात. आता पाच ग्रॅमची एक वडी घेतली आणि तिचा निम्मा भाग प्रथिनांचा आहे असे मानले, तरी तिच्यातून मिळतात अवघी अडीच ग्रॅम. कोंबडीच्या एका अंड्यातून याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

गरजेपेक्षा अधिक गेलेली प्रथिने स्नायूंत साठवली जात नाहीत. शरीर त्यांचा ऊर्जेसाठी वापर करते किंवा त्यांचे चरबीत रूपांतर करते. म्हणूनच अशा खाऊने वजन वाढलेले दिसले, तरी ते स्नायूंचेच असेल असे नाही.

आनुवंशिकता आणि व्यायाम

कुत्र्याची देहयष्टी प्रामुख्याने जन्मतः ठरते. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाचा शोध १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. पुढे २००७ मध्ये व्हिपेट या शर्यतीच्या कुत्र्यांवर झालेल्या संशोधनातून त्याचे महत्त्व ठळकपणे समोर आले. मायोस्टॅटिनच्या जनुकातील केवळ दोन घटक गळाल्यास व्हिपेटच्या अंगावर विलक्षण स्नायू चढतात. असे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले कुत्रे शर्यतीत अधिक वेगवान ठरतात, तर दोन्ही पालकांकडून आलेले कुत्रे पैलवानासारखे आडदांड होतात. सामान्य जनुक घेऊन जन्मलेल्या कुत्र्याला कोणताही खाऊ हे रूप देऊ शकत नाही.

जन्मजात मर्यादेच्या आत स्नायू विकसित करण्याचे खरे साधन म्हणजे नियमित व्यायाम. चढावर चालणे, धावणे, पोहणे यांमुळे स्नायूंवर ताण येतो आणि मग आहारातील प्रथिने त्यांच्या बांधणीसाठी वापरली जातात. आर्क्टिक प्रदेशात बर्फावरील गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना दीर्घ शर्यतींच्या काळात दिवसाला सुमारे १०,००० किलोकॅलरी लागू शकतात. त्यांना स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांनी समृद्ध आहार आवश्यकच असतो. परंतु ती गरज त्यांच्या असामान्य श्रमांतून निर्माण होते. दिवसभर घरात बसून राहणाऱ्या कुत्र्याची गरज निराळी असते.

पिलांना विशेष धोका

पिलू लवकर ‘भरावे’, या हौसेने मोठ्या जातींच्या पिलांना असा खाऊ देण्याकडे काही पालकांचा कल असतो. येथेच सर्वाधिक सावधगिरी आवश्यक आहे. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडे साधारणतः एक ते दीड वर्षापर्यंत वाढत असतात. या काळात अतिरिक्त ऊर्जा मिळून वजन झपाट्याने वाढल्यास कोवळ्या सांध्यांवर भार पडतो आणि खुब्याचे व कोपराचे विकार बळावतात.

कॅल्शियमचा अतिरेकही तितकाच घातक आहे. अगदी लहान पिलांच्या शरीराला आतड्यांतून शोषल्या जाणाऱ्या कॅल्शियमवर पुरेसे नियंत्रण ठेवता येत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन जातीच्या पिलांवर झालेल्या अभ्यासात, जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडत असल्याचे दिसून आले. पिलांसाठीचे संतुलित खाद्य सुरू असताना वरून कॅल्शियमयुक्त खाऊ देणे, म्हणजे हे संकट ओढवून घेणे होय.

सडपातळ कुत्रा अशक्त असतो, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर ती पिले असल्यापासून मृत्यूपर्यंत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर अधिक अन्न मिळालेल्यांचे ११.२ वर्षे आढळले. सडपातळ गटात संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला.

माणसांची भुकटी कुत्र्याला नको

महागड्या खाऊऐवजी स्वतःच्या डब्यातील प्रोटीन पावडर कुत्र्याला देणे अधिक जोखमीचे आहे. माणसांच्या काही उत्पादनांत गोडव्यासाठी झायलिटॉल वापरले जाते. कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन वेगाने स्रवते, रक्तातील साखर एकदम घसरते आणि यकृतही निकामी होऊ शकते. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन आणि कॅफीन हेही कुत्र्यांसाठी विषारी आहेत. असा पदार्थ पोटात गेल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे.

कायदा काय सांगतो?

माणसांच्या पूरक आहारासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मात्र तो प्राण्यांच्या उत्पादनांना लागू होत नाही, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे प्राण्यांसाठीचे उत्पादन कायद्याच्या दृष्टीने एक तर अन्न असते किंवा औषध. पशुखाद्याला विक्रीपूर्वी प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागत नाही. परिणामी वेष्टनावरील प्रत्येक दावा आधीच तपासला गेला आहे, असे ग्राहकाने गृहीत धरू नये.

भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळण्यात आले आहे. कुत्र्यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. पण वेष्टनावरील माहिती तपासून घेण्याची जबाबदारी अखेर खरेदीदारावरच येते.

उपयोग कुठे होऊ शकतो?

स्नायू टिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो आजारी, वृद्ध किंवा शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांच्या बाबतीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या १०० कुत्र्यांवर करण्यात आलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फलित अंड्याच्या बलकापासून बनवलेला फोर्टेट्रोपिन हा पदार्थ मिळालेल्या कुत्र्यांमध्ये मांडीच्या स्नायूंची झीज कमी आढळली. तथापि, हा निष्कर्ष शस्त्रक्रियेनंतरच्या झिजेपुरता आहे. निरोगी कुत्रा त्यामुळे पिळदार होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

याउलट, कुत्र्याचा पाठीचा कणा, खांद्याची पाती किंवा डोक्याची हाडे हाताला अचानक टोचू लागली, तर ते केवळ अशक्तपणाचे लक्षण मानू नये. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग किंवा कुशिंग हा संप्रेरकांचा विकार यांतही स्नायू झिजतात. अशा वेळी खाऊच्या भरवशावर दवडलेले महिने उपचारांची संधी हिरावून घेऊ शकतात.

दिवसभरातील सर्व प्रकारचा खाऊ मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा पशुवैद्यकांमध्ये सर्वमान्य असलेला नियम आहे. वयानुरूप संतुलित आहार, दररोजचा व्यायाम आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही. कर्नाटकातील मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याला महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखतात, तो अंगाने सडसडीत असूनही वेग आणि दमसास यांसाठी नावाजलेला आहे. कुत्र्याचे सामर्थ्य त्याच्या आकारमानावरून मोजता येत नाही, याचे हे घरचेच उदाहरण म्हणावे लागेल.