वकट, लेंड, मूंड : खेळांतील मोजणी आणि सचोटी

ज्या खेळाला पंच नसतो त्या खेळांतील लबाडी कोणीं आणि कशी पकडावयाची? क्रिकेटच्या सामन्यांत हें काम पंच करतात. कुस्तीच्या आखाड्यांतहि निवाडा देणारा मनुष्य वेगळा असतो. परंतु मुलांचे बहुतेक देशी खेळ पंचावांचून चालत आले आहेत, आणि तरीहि ते मोडून पडले नाहींत. हें कसें साधलें तें पाहावयाचें तर विटीदांडूसारखें उदाहरण नाहीं; आणि त्यासाठीं भंडारा जिल्ह्यांतील साकोलीसारखें ठिकाणहि सोईचें आहे, कारण या खेळांतील शब्दांचे सोयरे त्या गांवाच्या आसपासच नांदत आहेत.

साकोली नागपूरच्या पूर्वेस, मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेली आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि रानाचा. त्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तेथील बोलीला झाडीबोली. धानाची कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या कीं मुलांना आयतें मैदान मिळतें. खेळाला खर्चहि नाहीं : हातभर लांबीचा दांडू, वीतभर किंवा त्याहून थोडी आंखूड विटी आणि जमिनींत उकरलेली लहानशी गल, एवढेंच साहित्य.

गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूनें दूर उडविणें यास कोलणें म्हणतात. ती समोरच्या गड्यांनीं वरच्यावर झेलली तर खेळणारा बाद. झेल साधला नाहीं तर त्यांच्यापैकीं एकजण ती विटी गलीवर ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेंकतो. नेम लागला तरीहि खेळणारा बादच. यांतून जो वांचला त्याला टोला मारण्याचा हक्क मिळतो. विटीचीं दोन्ही टोंकें निमुळतीं असल्यामुळें तीं जमिनीपासून किंचित् अधर राहतात. टोंकावर दांडूचा आघात होतांच विटी तरफेप्रमाणें उलटते आणि गिरक्या घेत वर उडते. ती हवेंत आहे तोंच दुसरा आघात करून तिला दूर धाडावयाचें. गोल्फच्या खेळांतहि काठीनें टोला मारून अंतर कापावयाचें असतें. पण तेथील चेंडू टोल्याच्या क्षणीं स्थिर असतो, विटी मात्र फिरत असते. पहिला आघात जोराचा झाला तर ती भलतीकडे जाते, हलका झाला तर पुरेशी उंची घेत नाहीं. म्हणून धिप्पाड मुलावर बारीक चणीचा पण सराईत मुलगा या खेळांत सहज मात करूं शकतो.

टोल्यानंतर गलीपासून विटीपर्यंतचें अंतर दांडूनें मोजतात, आणि खरी मौज या मोजणींत आहे. तेथें एक, दोन, तीन असे आंकडे येत नाहींत. वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द ठराविक क्रमानें उच्चारावयाचे, सात शब्द पुरे झाले कीं पुन्हा वकटापासून आरंभ करावयाचा. पहिले चार शब्द पुष्कळ ठिकाणीं सारखेच आढळतात. पुढील तीन मात्र गांवोगांव बदलतात. कोठें ‘आर’ म्हणतात, कोठें ‘डोळा’, कोठें ‘झकू’. ज्या शब्दावर मोजणी थांबते त्याप्रमाणें पुढचा टोला कसा मारावयाचा तें ठरतें : कधीं विटी पायावर, कधीं मुठीवर, तर कधीं डोळ्यावर ठेवून उडवावी लागते. झाडीबोलींत ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळें डोळ्याचा ‘डोरा’ होतो. तेव्हां मोजणींतील हा शब्दहि तेथील तोंडीं त्याच रूपानें येणें स्वाभाविक आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला, त्यामुळें तिची शब्दसंपत्ति अभ्यासकांना उपलब्ध झाली.

हे मोजणीचे शब्द अर्थहीन नाहींत. तेलुगू भाषेंत एकाला ‘ओकटि’, दोहोंना ‘रेंडु’, तिहींना ‘मूडु’ आणि चोहोंना ‘नालुगु’ म्हणतात. वकट, लेंड, मूंड, नाल हीं त्यांचींच घांसलेलीं रूपें होत. गोंडी भाषा याच द्राविड कुळांतील; तींत दोन म्हणजे ‘रंड’, तीन म्हणजे ‘मूंड’ आणि चार म्हणजे ‘नालुंग’. साकोलीच्या पूर्वेस व दक्षिणेस गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांत गोंडी बोलणारी वस्ती आहे. पुण्याच्या पेठेंतील मुलगा ‘मूंड’ म्हणतो तेव्हां त्याला तो केवळ खेळांतला शब्द वाटतो. झाडीपट्टींतील गोंड कुटुंबांत मात्र तो रोजच्या हिशेबाचा आंकडा आहे.

आतां लबाडीचा विचार. मोजणाऱ्याला ती करण्याच्या वाटा पुष्कळ. दांडू टोंकाला टोंक न भिडवितां मागें सरकवून ठेवावा. मोजण्याची रेघ वांकडी न्यावी. सोईचा शब्द यावा म्हणून मधला एखादा गाळावा. पण हे शब्द मोठ्यानें म्हणावयाचे असतात, त्यांचा क्रम सर्वांना पाठ असतो, आणि ते सातच असतात. लेंडनंतर एकदम नाल आलें कीं सगळे गडी एका सुरांत ओरडतात. म्हणजे ही मोजणी हाच या खेळाचा पंच होय. तो एका माणसांत नसून सर्वांच्या कानांत असतो. ज्यानें रडी खाल्ली त्याला दुसऱ्या दिवशीं कोणी भिडू म्हणून घेत नाहीं. ‘रडीचा डाव’ हे दोन शब्द मुलांच्या जगांत दंडाहून जड असतात.

गोल्फ हा खेळ श्रीमंतांचा म्हणून ओळखला जातो, परंतु त्याचा पायाहि हाच आहे. तेथें खेळाडूनें आपल्या टोल्यांचा हिशेब प्रामाणिकपणें द्यावा आणि आपली चूक आपणच सांगावी अशी रीत आहे. अमेरिकेचा विख्यात खेळाडू बॉबी जोन्स याचा चेंडू १९२५ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत टोल्यापूर्वीं किंचित् हलला. त्यानें स्वतःच तें सांगून एक टोला आपल्यावर चढवून घेतला. त्यामुळें स्पर्धेअखेर बरोबरी झाली आणि फेरसामन्यांत विली मॅकफार्लेन यानें त्याला हरविलें. या खेळालाहि स्वतःची बोली आहे : ठरलेल्या संख्येहून एक टोला कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. आणि सवलत मिळावी म्हणून आपलें कौशल्य मुद्दाम लपविणाऱ्याला ‘सँडबॅगर’ हें नांव आहे.

हाच गोल्फ आज मोबाइलच्या पडद्यावर बोटानें खेळला जातो. तेथें वाऱ्याचा अदमास आणि बोट उचलण्याचा नेमका क्षण यांतच कौशल्य असतें. अंतर यंत्र मोजतें, त्यामुळें मोजणींतील लबाडी संपली. पण लबाडी संपली नाहीं, तिनें जागा बदलली. नेम साधून देणारी चोरटी आज्ञावली वापरणें, हार दिसूं लागतांच संपर्क तोडणें, दुसऱ्या नांवानें नवशिक्यांत शिरणें, हे तिचे नवे प्रकार. मराठी मुलांच्या तोंडीं ‘नूब’, ‘हॅकर’, ‘लॅग’ असे नवे शब्दहि आले आहेत. २०२५ सालीं संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. तो कायदा पैशाचा बंदोबस्त करील. रडी खाण्याचा बंदोबस्त कोणत्याहि कायद्याला साधावयाचा नाहीं. पडद्यापलीकडचा प्रतिस्पर्धी दिसत नाहीं, आणि ज्याचा चेहरा दिसत नाहीं त्याची लाज वाटणें मुलाला कठीण जातें.

यंत्राला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाहीं. मुलगा पडद्यावर खेळून उठला म्हणजे ‘जिंकलास काय?’ एवढेंच न विचारतां ‘कसा जिंकलास?’ हेंहि घरांत विचारलें जावें. सुट्टींत एकदां त्याच्या हातीं विटीदांडू द्यावा. मात्र मैदान मोकळें असावें आणि बघ्यांनीं दूर उभें राहावें, कारण उडती विटी डोळ्याला इजा करूं शकते. मोजणीचे सात शब्द त्याला आजोबांकडून शिकवावे. चार सवंगड्यांसमोर ते क्रमानें आणि मोठ्यानें म्हणावे लागले म्हणजे खेळांतील सचोटी कशाला म्हणतात हें त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं.