मरुभूमीतील संसार

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव राजस्थानात फलोदीजवळ भडला येथील सौरविद्युत्केंद्रात नोकरीस लागले, तेव्हा उचगावच्या आमच्या घरात आनंदापेक्षा चिंताच अधिक झाली. सूनबाईंना तिकडे पाठवावे की नाही, यावर माजघरात चार दिवस खल चालला. "वाळवंटात का कोणी संसार मांडतो?" हा मातोश्रींचा सवाल. त्यांची भीती निराधार नव्हती. 'मरु' हा शब्दच वैयाकरण 'मृ' म्हणजे मरणे या धातूपासून साधतात. आणि १९ मे २०१६ रोजी याच फलोदीत ५१ अंश उष्णतामान नोंदले गेले होते. अखेर गेल्या माघात आम्ही स्वतःच जाऊन पाहून आलो.

ज्या उन्हाने पिके करपावयाची, तेच ऊन आज तेथील मुख्य उत्पन्न झाले आहे. भडल्याचे केंद्र सुमारे १४,००० एकरांवर पसरले असून त्याची शक्ती २,२४५ मेगावॉट आहे. परंतु उन्हाबरोबर धूळही येते. तिचा थर काचांवर बसला की वीज घटते, आणि काचा धुवावयास पाणी आणावे कोठून? म्हणून आता कोरड्या ब्रशांची यंत्रे काचा पुसतात. माणसांनी मात्र उन्हाळ्यात जड कामे सकाळीच उरकावीत, हा शहाणपणाचा मार्ग.

या उद्योगास दुसरीही बाजू आहे. केंद्रांसाठी चराईची राने जातात व खेजडीची झाडे तुटतात, यामुळे त्या प्रांती असंतोष आहे. खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण पूजितो ती शमीच होय. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते; पाला गुरे खातात. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली ही झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. वर्षातून एक दिवस पूजा करणाऱ्या आम्हांस हे ऐकून थोडे ओशाळल्यासारखे झाले.

तथापि आम्हांस खरा बोध झाला तो पाण्याविषयी. आमच्या जिल्ह्यात गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरकडे तो जेमतेम २००. पण तेथे घरोघर जमिनीत टाके असते. त्याभोवतीच्या उतरत्या अंगणास 'आगोर' म्हणतात. पावसापूर्वी आगोर झाडून काढतात, त्यावर पादत्राणे घालून जात नाहीत, व त्यावर पडलेला थेंब न् थेंब टाक्यात उतरवितात. पालीवाल ब्राह्मणांनी तर पंधराव्या शतकापासून 'खडीन' बांधले. उताराच्या पायथ्याशी बांध घालून वाहते पाणी अडवावयाचे, ते मुरले की त्याच ओलीवर गहू व हरभरा घ्यावयाचा. वेगळे पाणी देणे नाही.

याच्या उलट उदाहरणही तेथेच आढळते. पंजाबातील हरिके येथून सतलज-बियासचे पाणी मरुभूमीत नेणाऱ्या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. आज तो इंदिरा गांधी कालवा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने लक्षावधी एकर भूमी हिरवी केली, हे निर्विवाद. पण कित्येक ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा व चिकणमातीचा घट्ट थर आहे. मुबलक दिलेले पाणी तेथे मुरेना. जमीन पाणथळ झाली, क्षार वर आले, आणि शेते नापीक झाली.

हे पाहताना आम्हांस आमचा शिरोळ तालुका आठवला. तेथे वाळवंट नाही, कृष्णा-पंचगंगेचे काठ आहेत. तरीही उसास अतोनात पाणी पाजून हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली आहे. आता जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून ती सुधारावी लागत आहे. तात्पर्य, भूमी उजाड होते ती केवळ पाण्याच्या अभावाने नव्हे, पाण्याचा हिशेब सुटल्यानेही होते. ज्याने हिशेब ठेवला, त्याचा संसार मरुभूमीतही चालतो.

हे सारे ऐकून मातोश्रींनी संमती दिली. मात्र पहिला उन्हाळा टळावा ही त्यांची अट. त्याप्रमाणे आषाढात सूनबाई रवाना झाल्या. निघताना आम्ही त्यांस एवढेच सांगितले की, तेथल्या बायका एका घागरीत दिवस कसा काढतात ते शिकून घ्या, आणि दिवाळीस आलात की आम्हां नदीकाठच्या मंडळींस शिकवा.