विष, पेशी आणि वेळ



तोडणी सुरू झाली की पाचटात साप निघाल्याच्या बातम्या गट ऑफिसला येऊ लागतात. गेल्या हंगामात आमच्या गटातील एका तोडणी मजुराला घोणस चावली. मंडळींनी पाय दोरीने करकचून बांधला आणि आधी मांत्रिकाकडे नेले. दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लस मिळाली, जीव वाचला, पण पायाचे मांस सडले ते सडलेच. "साहेब, लस देऊनसुद्धा असं का झालं?" असे घरच्यांनी आम्हांला विचारले. हा प्रश्न उद्या कोणाच्याही घरी येऊ शकतो, म्हणून हा लेख.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एकेक पेशी म्हणजे लहानसा कारखानाच समजा. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. ते शाबूत आहे तोवर पेशी जिवंत. घोणशीच्या विषातील काही द्रव्ये हे आवरणच फोडतात, काही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुजवतात. पेशी फुटते, आतला द्रव बाहेर सांडतो, सूज चढते. शिवाय रक्त गोठवणारे घटक संपून जातात आणि मूत्रपिंडावर घाला पडतो. म्हणूनच डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात व गोठते की नाही ते पाहतात. मण्याराची तऱ्हा निराळी. तेथे सूज किंवा वेदना फारशी नसते, पण मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा हुकूम तुटतो व श्वास बंद पडतो. तेव्हा दुखत नाही म्हणून घरी बसू नये.

सर्पदंशाच्या लसीशी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव जोडलेले आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला धरणारी द्रव्ये तयार होतात, त्यांचीच ही लस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. पण ती फक्त मोकळे फिरणारे विष पकडते, मेलेली पेशी उठवत नाही. फड पेटल्यावर बंब आला तर उरलेला ऊस वाचतो, जळालेला काही हिरवा होत नाही. त्यात दोरी आवळली की रक्त थांबते आणि चांगल्या पेशीही मरतात. त्या मजुराच्या पायाचे हेच झाले.

तणनाशक पॅराक्वाटचे तर याहून कठीण. उन्हात पान जाळणारी त्याची क्रिया पोटात गेल्यावर फुप्फुसात सुरू होते, आणि त्यावर उतारा नाही. ते पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका.

मात्र पेशी मारण्याचे काम शरीर स्वतःही करते, आणि ते आपल्या भल्यासाठी. रक्तातील काही पांढऱ्या पेशी रोगट पेशीला चिकटतात, आवरणाला बारीक भोके पाडतात आणि आत असे द्रव्य सोडतात की ती पेशी स्वतःच आवराआवर करून मरते. विषाने मरणारी पेशी म्हणजे बॉयलरचा स्फोट, तर ही म्हणजे हंगाम संपल्यावर कारखाना रीतसर बंद करणे. शेजाऱ्याला फारशी इजा होत नाही.

कॅन्सरच्या पेशी मात्र या पहाऱ्याला चुकवतात. हाफकिनच्या जवळच, परळमध्येच, १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. आपल्या भागातील अनेक कुटुंबे तेथे गेली आहेत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली आहेत. तेथे दिली जाणारी केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात केसांच्या मुळांच्या व तोंडातील चांगल्या पेशीही सापडतात. तणनाशकाचा फवारा उसाच्या पोंग्यात जावा तसे हे होते. आता रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कॅन्सरपेशी ओळखायला शिकवून परत सोडण्याचा उपचार पवईच्या आयआयटीने व टाटा रुग्णालयाने मिळून तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाली. पण तो रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरवरच आहे. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर नाही, हे पुडी फोडताना ध्यानात असू द्या.

तेव्हा साप चावल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. अंगठी, पैंजण काढावे. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये व थेट लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. जवळ लस कोठे मिळते ते प्रत्येक मुकादमाने व चिटबॉयने हंगामापूर्वीच विचारून ठेवावे, ही विनंती. गेलेली पेशी परत येत नाही, पण वेळेवर पोचले तर पाय वाचतो.