बोकड घेताना स्वभावही बघा

आज आपण गटाच्या बोकडाबद्दल बोलणार आहोत. त्याच्या वजनाबद्दल किंवा रंगाबद्दल नाही, तर त्याच्या स्वभावाबद्दल.

पैदाशीचा बोकड आणायला आपण बाजारात जातो तेव्हा काय बघतो? पाठीची लांबी बघतो, पाय बघतो, तोंड उघडून दात बघतो. आई जुळी देणारी होती का, हे विचारतो. हे सगळं बरोबरच आहे. पण हा मारका आहे का, याची आई धार काढू देते का, याच्या लेकी करडांना जवळ घेतात का, हे प्रश्न कोणी फारसे विचारत नाही. आणि शेळ्या सांभाळतं कोण? आपण सांभाळतो, घरातली म्हातारी सांभाळते, शाळेतून आलेली पोरं सांभाळतात. साठ किलोच्या बोकडाने धडक दिली तर म्हातारीचं खुब्याचं हाड मोडू शकतं. पहिल्या वेताची शेळी करडाला पाजू देईना, आपल्यालाही सडाला हात लावू देईना, तर करडू चिकाविना राहतं आणि दोन दिवसांत जातं. भडक डोक्याची शेळी कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या रानात शिरते, आणि भांडण आपल्या दारात येतं. म्हणजे स्वभाव ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. तिच्यात आपला पैसाही आहे आणि हातपायही आहेत.

आता कोणी म्हणेल, करडांवर आईचाही स्वभाव येतो की, मग बोकडालाच का धरायचं? तर साधा हिशोब करू. गटातल्या वीस शेळ्यांना एक बोकड आहे. उस्मानाबादी शेळी नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेळा विते, आणि तिला जुळी बऱ्याचदा होतात. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर दोन वर्षांत नव्वद करडं झाली. एका खोडील शेळीची त्यातली चार-पाच. बोकडाची मात्र सगळीच्या सगळी नव्वद. खाण तशी माती म्हणतात. कळपात अर्धी खाण एकटा बोकड असतो.

पण सगळाच स्वभाव रक्तातून येत नाही, हेही लक्षात घ्या. काही भाग रक्तातून येतो, उरलेला सांभाळण्यातून. करडू आईजवळ वाढतं. आई माणूस बघून बिचकली की करडूही बिचकायला शिकतं. त्यामुळे आईकडून रक्तातून काय आलं आणि बघून काय शिकलं, हे वेगळं सांगता येत नाही. बोकडाचं तसं नसतं. आपल्याकडे तो करडांना सांभाळत नाही, बऱ्याच करडांनी तर बाप पाहिलेलाही नसतो. म्हणून वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या आयांच्या पोटी जन्मलेली त्याची करडं सारखीच शांत किंवा सारखीच बुजरी निघाली, तर ते बापाकडून आलं असं समजायला हरकत नाही.

हीच रीत मोठमोठे घोडेवालेही पाळतात. जर्मनीत सेल नावाचं गाव आहे. तिथे १७३५ पासून सरकारी अश्वपैदास केंद्र आहे. तिथल्या हॅनोव्हर जातीच्या घोड्यांना ड्रेसाज नावाच्या खेळासाठी मोठी मागणी असते. या खेळात स्वाराच्या हलक्या इशाऱ्यावर घोडा पावलं बदलतो, वळतो, एका जागी ठुमकतो. भित्र्या किंवा रागीट घोड्याकडून हे होत नाही. म्हणून तिकडे पैदाशीच्या घोड्याची परीक्षा घेताना चालीला गुण देतात, तसे तो स्वाराचं किती ऐकतो यालाही देतात. पुढे त्याची शिंगरं मोठी झाली की त्यांचीही परीक्षा होते, आणि त्यावरून बापाची किंमत ठरते. लाखांच्या घोड्याला जो नियम, तोच आपल्या बोकडाला लावायला काही खर्च येत नाही.

मग बोकडाचा स्वभाव ओळखायचा कसा? पाच गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, त्याची आई बघा. बाजारात आई दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर बोकड घरून घ्या, आणि धारेच्या वेळीच जा. आई उभी राहते का, लाथ मारते का, करडांना स्वतःहून पाजते का, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

दुसरी गोष्ट, बोकडाजवळ सावकाश चालत जा. मालकाला जरा लांब उभं राहू द्या. शांत बोकड दोन पावलं बाजूला सरतो आणि वळून तुमच्याकडे बघतो, किंवा वास घ्यायला पुढे येतो. बुजरा बोकड भिंतीवर चढू बघतो, इतर जनावरांनाही उधळवतो. तिसरा प्रकार असतो तो मान खाली घालून, नजर रोखून उभा राहतो. बुजरेपणा आणि मारकेपणा हे दोन वेगळे दोष आहेत, आणि पैदाशीला दोन्ही नकोत.

तिसरी गोष्ट, त्याला धरा. दोघींनी मिळून धरा, तोंड उघडा, पाय उचलून खुरं बघा. पहिल्यांदा तो ओढाताण करणारच. पण किती वेळात शांत होतो ते महत्त्वाचं. थोड्या वेळात उभा राहिला तर चांगला. शेवटपर्यंत आदळआपट करत राहिला तर पुढे लसीच्या दिवशी, औषध पाजायच्या दिवशी तीच कथा.

चौथी गोष्ट, त्याच्या समोर जरा लांबवर रिकामी बादली वाजवा किंवा छत्री उघडा. दचकणं साहजिक आहे. दचकून मग पुन्हा चाऱ्याला तोंड लावतो का, हे बघायचं.

पाचवी गोष्ट सगळ्यात मोलाची. बोकड वयाने मोठा असेल आणि त्याची करडं गावात असतील, तर पाच-सहा घरं फिरा. विशेषतः त्याच्या व्यालेल्या लेकी बघा. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका करडावरून बोकडाची होत नाही. पाचातल्या चौघी धारेला शांत उभ्या राहत असतील, तर तो बोकड खात्रीचा.

हे बघताना चार ठिकाणी फसायला होतं, तेही सांगते.

एक, माजाचा काळ. माजात आलेला बोकड दाढीवर मुततो, ओठ वर करतो, खाणं सोडतो, दुसऱ्या बोकडाला आणि कधी माणसालाही अंगावर घेतो. तेवढ्यावरून त्याला मारका ठरवू नका. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. आणि शेळी दाखवल्यावर तो जोमाने पुढे जातो, हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. शेळ्यांशी जोमदार आणि माणसाशी नरम, असा बोकड हवा.

दोन, आजारी बोकड. मान खाली घालून उभं राहणारं जनावर गरीबच असेल असं नाही, ते आजारीही असू शकतं. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लाल-गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर अंगात रक्त कमी आहे, आणि त्याचं कारण बहुधा पोटातले जंत असतात. अशा बोकडाचा खरा स्वभाव तो बरा झाल्यावरच कळेल.

तीन, बिनशिंगी बोकड. शिंगं नाहीत म्हणजे इजा कमी, म्हणून काही जणी मुद्दाम असा बोकड मागतात. इथे जपून. जन्मतः बिनशिंगी बोकड जन्मतः बिनशिंगी शेळीला लावला, तर काही मादी करडं धड नर नाही, धड मादी नाही अशी जन्मतात आणि ती कधीच गाभण राहत नाहीत. त्यामुळे दोघांपैकी एकाला तरी जन्माची शिंगं असावीत. आणि शिंगं नसणं म्हणजे स्वभाव गरीब असणं नव्हे. बिनशिंगी बोकडाची धडकही तेवढीच जोराची असते.

चार, बाटलीवर वाढलेला बोकड. आई मेली म्हणून घरात, चुलीपाशी वाढवलेला बोकड लहानपणी फार गोड वाटतो. पण त्याला माणसाची भीती उरत नाही, आणि तो माणसाला आपल्यातलाच एक समजू लागतो. वयात आल्यावर दुसऱ्या बोकडाला जशी टक्कर द्यायची तशी तो आपल्याला देतो. हा दोष रक्ताचा नाही, वाढवण्याचा आहे. म्हणून बाटलीचं करडू दूध प्यायल्यावर इतर करडांत सोडा. आणि पोरांना सांगा, करडाच्या कपाळाला हात लावून टक्कर-टक्कर खेळायचं नाही. आज जो खेळ आहे, तो वर्षाने मार होतो. बोकड कितीही गरीब असला तरी त्याच्याकडे पाठ करून वाकू नका, आणि त्याला बांधायला लहान मुलाला एकटं पाठवू नका.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. बकरी ईद आली की गावातले सगळ्यात देखणे, भरदार, हाताळायला सोपे बोकड चांगल्या भावाने विकले जातात. घरात पैसा येतो, त्याला नाही कसं म्हणणार? पण चांगले विकले की मागे उरतात ते खुरटे, आणि पैदास त्यांच्याकडूनच होते. असं वर्षानुवर्षं झालं तर कळप उतरत जातो. दुसरी अडचण अशी, की बोकड चांगला आहे हे कळायलाच वेळ लागतो. पाच महिने शेळी गाभण, मग आठेक महिन्यांत पाठ माजावर येते. म्हणजे बोकड आल्यापासून तेरा महिन्यांतच त्याची स्वतःची लेक त्याच्यासमोर उभी राहते. बाप-लेकीची जोडी लागली तर करडं अशक्त होतात, मरतूक वाढते. म्हणून बोकड हलवावा लागतो, आणि आपण तो खाटकाला देऊन मोकळ्या होतो. नेमका तो खात्रीचा ठरायच्या वेळी!

यावर उपाय गटाच्याच हातात आहे. शेजारच्या तीन-चार गावांतल्या गटांनी एकत्र बसावं. प्रत्येक गटाने एक निवडक बोकड ठेवावा आणि दरवर्षी तो पुढच्या गावाला द्यावा, मागच्या गावाचा आपण घ्यावा. म्हणजे नात्यातलं रक्त टळतं आणि चांगला बोकड चार वर्षं कामाला येतो. गाव बदलण्याआधी पीपीआरची लस झालेली असावी, पशुवैद्यकीय दवाखान्यातून ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्यावं, आणि नव्या गावात तीन आठवडे त्याला वेगळा बांधावा. ब्रुसेलोसिसने शेळ्या गाभडतात, आणि गाभडलेलं हाताळताना तो रोग आपल्यालाही होतो, म्हणून ही तपासणी टाळू नका. नवा बोकड विकतच घ्यायचा असेल, तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, तिथेही चौकशी करता येते. तिथेसुद्धा पाच गोष्टी बघायच्याच.

आणि हो, एक वही हवी. फार लिहायचं नाही. बोकडाचं नाव किंवा कानातल्या बिल्ल्याचा नंबर, शेळी कोणाची, लावल्याची तारीख, व्याल्याची तारीख, करडं किती. त्यापुढे स्वभावाचे दोनच रकाने ठेवा. करडांना पाजते का? धार काढू देते का? उत्तर हो किंवा नाही. लिहिता न येणाऱ्या मैत्रिणीसाठी बरोबरची खूण किंवा फुली पुरे. वर्षाने वही उघडली की कोणत्या बोकडाच्या लेकींपुढे फुल्या जास्त आहेत, ते आपोआप दिसेल. मग बैठकीत वाद उरत नाही.

ज्या नर करडांच्या आईपुढे फुली आहे, ती पैदाशीला ठेवू नका. वेळेत खच्ची करून मांसासाठी वाढवा, त्यांनाही भाव मिळतोच. आणि सगळीच नर करडं तीन महिन्यांची झाली की पाठींपासून वेगळी काढा, कारण चार-पाच महिन्यांतच त्यांच्याकडून शेळी फळू शकते. तसं झालं तर आपली निवड, आपली वही, सगळं वाया.

पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की हा विषय घ्या. सध्या गावात कोणता बोकड फिरतोय, त्याच्या लेकी कोणाकोणाकडे आहेत, एवढं आधी लिहून काढा. बोकड ठेवायचा की बदलायचा, ते मग सगळ्या जणी मिळून ठरवा. येते मी. नमस्कार.